गणवेश, कायदा आणि नवा संसार

जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात पाचव्या ओवीत एक छोटासा नियम आहे. देवळात तो क्वचितच वाचला जातो, म्हणून पुष्कळांच्या ध्यानात नसतो. ज्याचे नुकतेच लग्न झाले आहे अशा पुरुषाला लढाईवर धाडू नये, त्याच्यावर दुसरे कोणते सरकारी कामही लादू नये. त्याने एक वर्ष घरी मोकळे राहावे आणि आपल्या पत्नीला सुखी करावे, असा त्याचा आशय आहे. त्याच ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात केवळ वाग्दान झालेल्या तरुणालाही रणांगणावरून घरी परतण्याची मुभा दिलेली आहे. वाळवंटातून आलेल्या, चारी बाजूंनी शत्रूंनी वेढलेल्या त्या लोकांना सैनिकांची गरज काही कमी नव्हती. तरीही त्यांच्या स्मृतिकारांना नव्या संसाराचे पहिले वर्ष इतके मोलाचे वाटले, याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते.

आजच्या आपल्या सैन्याच्या कायद्यात असे कलम नाही. आपल्या देशाचा लष्करी कायदा १९५० सालचा. त्यात पळून जाणाऱ्यास शिक्षा आहे, रजेचा दिवस उलटूनही परत न येणाऱ्यास शिक्षा आहे. नवविवाहिताला सवलत मात्र नाही. या लेखात ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे ते स्त्रीपुरुष तर हाच कायदा दुसऱ्यांना लावून दाखविणारे. सैन्यातील कायदे खात्याचे ते अधिकारी होत. अशा अधिकाऱ्याचे, आणि विशेषतः अशा अधिकारी मुलीचे, लग्न झाले, त्यात पतीची नोकरी परदेशात असली किंवा तिचीच नेमणूक देशाबाहेर झाली, तर संसाराची घडी कशी बसावी, हा प्रश्न आता आपल्या खेड्यांच्याही उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे.

बेळगुंदीच्या वाचकांना सैन्य म्हणजे काय हे सांगावयास नको. राकसकोपच्या जलाशयाच्या अंगाने राहणाऱ्या आपल्या या गावांतून बेळगावला बाजाराला जावे, तो कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरचे रंगरूट कवायत करताना दिसावेत, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पलटणीत मुलगा जाणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. नवी गोष्ट घडली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. लष्करी पोलीस दलात जवान म्हणून मुलींची भरती करण्याचे सैन्याने ठरविले आणि त्या भरतीचा देशातला पहिला मेळावा बेळगावात भरला. त्यातून व पुढील निवडीतून आलेल्या ८३ मुली ८ मे २०२१ रोजी बेंगळूरू येथे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. लष्करी पोलीस तपास करतात, आणि त्या तपासाच्या कागदांवर कायद्याचे मत देतो तो कायदे खात्याचा अधिकारी. एका दारातून मुली आत गेल्या. दुसरे दार तर त्यापूर्वीच उघडले होते. बेळगावात राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ पासून आहे. तेथे वकिलीचे शिक्षण घेणाऱ्या खेड्यातील मुलीला काळ्या कोटाऐवजी हिरवा गणवेश घालावासा वाटला, तर त्यात आता अशक्य असे काही उरलेले नाही.

या खात्याचे इंग्रजी नाव ‘जज्ज अ‍ॅडव्होकेट जनरल’ असे लांबलचक असून बोलताना सारे त्याला ‘जॅग’ म्हणतात. त्याचे काम काय ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण मुलगी किंवा सून रात्री उशिरा घरी का येते याचे उत्तर त्यात आहे.

सैनिकाच्या हातून मोठा गुन्हा घडला म्हणजे त्याचा न्याय कोर्टमार्शलपुढे होतो. त्याचे चार प्रकार आहेत. त्यांतील सर्वांत मोठे ते जनरल कोर्टमार्शल. त्यात कमीत कमी पाच अधिकारी बसतात. ते लढणारे लोक. कायद्याच्या पदव्या त्यांच्यापाशी असतीलच असे नाही. म्हणून त्यांच्या शेजारी जज्ज अ‍ॅडव्होकेट असलाच पाहिजे, असे कायद्याचे १२९ वे कलम सांगते. त्याने फिर्यादीचीही बाजू घ्यावयाची नाही आणि आरोपीचीही नाही. कोणता पुरावा ग्राह्य, कोणता अग्राह्य हे सांगावयाचे, कामकाज कायद्याच्या रुळावरून घसरू द्यावयाचे नाही, शेवटी साऱ्या खटल्याचा सारांश मांडावयाचा. दोषी की निर्दोष यावर मत द्यावयाचा अधिकार मात्र त्याला नाही. समोर आरोपी म्हणून कर्नल उभा असो की शिपाई, तराजू सारखाच धरावयाचा. आरोपीपेक्षा कनिष्ठ हुद्द्याचा अधिकारी जज्ज अ‍ॅडव्होकेट म्हणून बसविणे योग्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली चरणजितसिंग गिल यांच्या प्रकरणात ठरवून दिले आहे; वरिष्ठाच्या दडपणाखाली कनिष्ठाची जीभ अडखळू नये हा त्यातील हेतू उघड आहे.

खटला एकदा सुरू झाला की तो रोजच्या रोज चालतो. निकाल लागला तरी काम संपत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याने मंजुरी दिल्याखेरीज तो निकाल पक्का होत नाही, आणि त्या मंजुरीपूर्वी सारे कागद कायदे खात्याच्या नजरेखालून जातात. याखेरीज निवृत्तिवेतनाचे दावे, जमिनीचे तंटे, २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणापुढील प्रकरणे ही रोजची रहाटी आहेच. अधिकारी थोडे आणि कागद फार, अशी ही स्थिती.

आणखी एक गोष्ट आहे. आमच्या मते नव्या जोडप्याला ती सर्वांत जड जाते. कोर्टमार्शलच्या सभासदांनी आणि जज्ज अ‍ॅडव्होकेटने शपथ घ्यावयाची असते. कोणी कोणते मत दिले हे बाहेर सांगावयाचे नाही, आणि शिक्षा अधिकृतपणे जाहीर होण्यापूर्वी ती कोणापाशी फोडावयाची नाही. शेतकरी संध्याकाळी घरी येतो, बटाट्याचा भाव पडला म्हणून कुरकुरतो, बायको ऐकून घेते आणि दोघांचेही मन हलके होते. शिक्षकाचे, दुकानदाराचेही असेच. या अधिकाऱ्याने मात्र दिवसभर एखाद्या तरुण जवानाच्या आयुष्याची उलथापालथ पाहिलेली असते आणि ताटावर बसल्यावर त्यातला एक शब्दही उच्चारावयाचा नसतो. लग्नाला दोन महिने झालेल्या जोडीदाराला हे मौन म्हणजे रुसवा वाटतो. तो रुसवा नव्हे, शपथ आहे, हे कोणीतरी आधी समजावून सांगितलेले असले तर पुष्कळ अश्रू वाचतात.

आता खात्यात प्रवेश कसा होतो ते पाहू. त्या प्रवेशाच्या अटींतच लग्नाची गाठ अडकलेली आहे. कायद्याची पदवी किमान ५५ टक्के गुणांनी मिळविलेले, २१ ते २७ वर्षे वयाचे, अविवाहित तरुण व तरुणी यांनाच अर्ज करता येतो. निवड झाल्यावर चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत ४९ आठवडे काढावयाचे. त्या काळात लग्न करावयाची बंदी आहे. पुढे लष्करी कायद्याचे खास शिक्षण मिळते ते आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरजवळ कामठी येथील लष्करी विधी संस्थेत. म्हणजे गणवेशावर तारे चढतात तेव्हा मुलीचे वय पंचविशीच्या आगेमागे असते. आपल्या घरांत याच वयात आईबाप स्थळे पाहू लागतात. पहिली नेमणूक, पहिले खटले आणि पहिला संसार ही तिन्ही एकदम येतात.

या वाटेवर पहिले पाऊल टाकले ते सिमल्याच्या प्रिया झिंगन यांनी. स्त्रियांना सैन्यात अधिकारी म्हणून का घेत नाही, असे पत्र त्यांनी थेट सरसेनापतींना लिहिले. त्या वेळी सरसेनापती होते जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज. मुंबईत जन्मलेले हे गृहस्थ आपल्याच कॅथोलिक समाजातील, म्हणून त्यांचे नाव येथे मुद्दाम घेतो. एकदोन वर्षांत तसा विचार आहे, असे उत्तर त्यांनी त्या अनोळखी मुलीला धाडले. सप्टेंबर १९९२ मध्ये पंचवीस मुलींची पहिली तुकडी चेन्नईला शिकावयास गेली. तीत झिंगन यांचा क्रमांक पहिला होता. त्यांना पायदळ हवे होते. कायद्याची पदवी होती म्हणून जॅगमध्ये पाठविण्यात आले. ६ मार्च १९९३ रोजी त्या अधिकारी झाल्या. दहा वर्षे सेवा करून त्या मेजरच्या हुद्द्यावरून बाहेर पडल्या. स्त्रियांना त्या काळी कायम नेमणूक मिळतच नसे, तेव्हा काम कितीही उत्तम असले तरी वाट तेथेच संपत होती.

परंतु संसार आणि गणवेश यांची टक्कर कशी असते हे पाहावयाचे तर दुसऱ्या एका स्त्रीची कथा सांगितली पाहिजे. ती कायदे खात्यात नव्हती, लष्करी परिचारिका सेवेत होती. लेफ्टनंट सेलिना जॉन हे तिचे नाव. १९८५ साली तिला सिकंदराबादच्या लष्करी रुग्णालयात नेमणूक मिळाली. १९८८ मध्ये तिने लग्न केले, तेही सैन्यातीलच एका मेजरशी. त्याच वर्षी २७ ऑगस्टला तिला सेवेतून काढून टाकण्यात आले. तिला बाजू मांडावयाची संधीही दिली गेली नाही. आधार होता १९७७ सालच्या एका लष्करी आदेशाचा. परिचारिका अधिकाऱ्याने लग्न केले तर तिची सेवा संपविता येते, असे त्यात म्हटले होते. मेजरसाहेबांची नोकरी अर्थातच सुरू राहिली. लग्न एकच, वधूवर दोघेही सैन्यातले, आणि नोकरी गेली ती एकटीची. हा आदेशच पुढे १९९५ मध्ये मागे घेण्यात आला. पण तिच्यासाठी ते फार उशिराचे झाले होते.

ही बाई लढत राहिली. २०१६ मध्ये लखनौच्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने तिच्या बाजूने कौल दिला. सरकारने त्यावर अपील केले. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती संजीव खन्ना व न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांनी निकाल दिला, की लग्न केले म्हणून स्त्रीला कामावरून दूर करणारा नियम हा उघड उघड भेदभाव आहे आणि तो घटनेला धरून नाही. तिला साठ लाख रुपये भरपाई द्यावी, असा हुकूम झाला. छत्तीस वर्षांमागे हिरावून घेतलेले तारुण्यातील काम काही त्यामुळे परत आले नाही. तथापि एक गोष्ट कायमची ठरून गेली. आपल्या धर्मात विवाह हा संस्कार आहे, अपराध नव्हे; देशाच्या सर्वोच्च न्यायपीठानेही आपल्या भाषेत जवळजवळ तेच सांगितले असे म्हणावयास हरकत नाही.

मधल्या काळात कायदे खात्याची वाट रुंद होत गेली. २००८ मध्ये कायदे आणि शिक्षण या दोन खात्यांत स्त्रियांना कायम नेमणूक देण्याचे ठरले. इतर खात्यांचा प्रश्न १७ फेब्रुवारी २०२० रोजी बबिता पुनिया यांच्या प्रकरणात निकालात निघाला. सरकारच्या लेखी निवेदनात अशी अडचण मांडली होती, की गर्भारपण, मुलांचे संगोपन आणि घरच्या जबाबदाऱ्या यांमुळे स्त्रियांना सैनिकी सेवेच्या गरजा पुऱ्या करणे कठीण जाते. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांनी ही विचारसरणी फेटाळली. घर हे केवळ बाईचेच काम असे गृहीत धरून तिचा हक्क काढून घेता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. स्त्रियांनी बजावलेल्या सेवेची उदाहरणे देताना त्या निकालपत्रात लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांचेही नाव आले आहे. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कामगिरीवर त्या कांगोत होत्या आणि २०१६ मध्ये पुण्यात भरलेल्या बहुराष्ट्रीय लष्करी सरावात भारतीय तुकडीचे नेतृत्व त्यांनी केले. मे २०२५ मध्ये दिल्लीहून साऱ्या देशाला लष्करी कारवाईची माहिती देताना आपण त्यांना पाहिले. त्या आपल्या जिल्ह्याच्या सूनबाई आहेत. गोकाक तालुक्यातील कोण्णूर हे त्यांचे सासर, आणि पतीही सैन्यातच अधिकारी. त्याच वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, त्या निकालानंतर बाराच दिवसांनी धारवाडात जन्मलेल्या डॉक्टर माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या. त्यांचे यजमान त्या हुद्द्यावर आधीच पोहोचले होते. दोघेही लेफ्टनंट जनरल झालेले सैन्यातील ते पहिले दांपत्य. मराठी घरांत हे होत नाही, असे यापुढे कोणी म्हणू नये.

राहिला होता जागांचा प्रश्न. कायदे खात्याच्या एका भरतीत पुरुषांसाठी सहा आणि स्त्रियांसाठी तीन अशा जागा ठेवल्या होत्या. निवड झालेल्या काही पुरुषांपेक्षा अधिक गुण मिळवूनही अर्शनूर कौर ही मुलगी बाहेर राहिली, कारण स्त्रियांच्या यादीत तिचा क्रमांक चौथा होता. ११ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायमूर्ती दत्ता व न्यायमूर्ती मनमोहन यांनी ही वाटणी रद्द ठरविली, तिला सेवेत घ्यावे असा हुकूम दिला आणि यापुढे स्त्रीपुरुषांची गुणवत्ता यादी एकच लावावी असे सांगितले. यापुढे आपल्याकडची मुलगी गुणांवर निवडली जाईल. तेव्हा दाराबाहेरचा तंटा बहुतेक मिटला. आता दाराच्या आतला राहिला.

तो तंटा परदेशच्या निमित्ताने अधिक तीव्र होतो. आपल्या भागातील कितीतरी घरांतील मुलगे आखातात किंवा युरोपात कामाला आहेत. समजा, अशाच एका मुलाचे कायदे खात्यातील मुलीशी लग्न ठरले. मुलाच्या आईची सहज अपेक्षा असते, की लग्नानंतर सून मुलाबरोबर जाईल आणि दोघे तिकडे घर मांडतील. हे होणे नाही. सैन्यातील अधिकाऱ्याला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि वीस दिवसांची किरकोळ रजा असते, तीही कामाच्या सोयीने. रजेत देशाबाहेर जावयाचे तर आधी वेगळी परवानगी लागते. महिन्याची सूचना देऊन राजीनामा द्यावा आणि विमानात बसावे, अशी ही नोकरी नाही. राजीनामा मंजूर व्हावा लागतो. आणि रजा संपल्यावर, ‘अजून आठ दिवस राहा,’ असा पतीने आग्रह केला तर? कायद्याचे ३९ वे कलम अशा वेळी तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगते. ते कलम तिला पाठ असते. नव्या बायकोच्या ओढीने पंधरा दिवस उशिरा परतलेल्या एखाद्या जवानाचे कागद सकाळीच तिच्या टेबलावर आलेले असतात, आणि त्यांवर तिने काय मत द्यावे हे तिला ठाऊक असते. त्या जवानाविषयी तिच्या पोटात किती कालवत असेल याची कल्पना आपण करावी.

उलट, तिचीच नेमणूक देशाबाहेर झाली तर काय? संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपले सैनिक जातात. त्यांच्या हातून तेथे गुन्हा घडला तर फौजदारी खटला चालविण्याचा अधिकार यजमान देशाला नसून तो आपल्याच देशाला असतो, असा संयुक्त राष्ट्रांचा यजमान देशांशी करार असतो. म्हणून भारताचा लष्करी कायदा सैनिकांबरोबर आफ्रिकेतही जातो. कांगो, दक्षिण सुदान अशा ठिकाणी कुटुंब नेता येत नाही. जुनी आठवणही अशीच आहे. १९५३-५४ मध्ये कोल्हापूरचे जनरल शंकरराव थोरात कोरियात भारतीय संरक्षक दलाचे प्रमुख होते. बावीस हजारांवर युद्धकैदी त्यांच्या ताब्यात आले आणि त्यांना जिनिव्हा कराराच्या नियमांनी वागवावयाचे होते. आपल्या सैन्याने परदेशी भूमीवर केलेले ते कदाचित सर्वांत अवघड कायद्याचे काम असेल. त्या दलातील हजारो जवानांच्या बायका महिनोन्‌महिने इकडे पोस्टमनची वाट पाहत बसल्या होत्या.

अमेरिकेची रीत वेगळी. त्यांचा लष्करी न्यायाचा कायदाही आपल्याप्रमाणेच १९५० चा. पण त्यांचे तळ जर्मनीत, जपानात कायमचे आहेत. तेथे नेमणूक झालेला कायदा अधिकारी पत्नीला किंवा पतीला बरोबर नेऊ शकतो. जर्मनीत कुटुंबासह गेल्यास साधारण तीन वर्षे आणि एकट्याने गेल्यास दोन वर्षे राहावे लागते. ऐकावयास किती छान! पण तेथील नवविवाहितांची तक्रार निराळीच असते. बरोबर गेलेला जोडीदार स्वतः वकील, शिक्षिका किंवा परिचारिका असेल तर त्याची सनद परक्या देशात चालत नाही. दर दोनतीन वर्षांनी बदली, की पुन्हा नवी परीक्षा, नवी परवानगी. सैनिकांशी लग्न केलेल्या वकिलांनी २०११ मध्ये या अडचणीसाठी आपली एक संघटनाच काढली. म्हणजे एकत्र राहिले तर एकाची विद्या वाया जाते आणि वेगळे राहिले तर संसार अर्धा राहतो. यावर रामबाण उपाय कोणत्याही देशाला सापडलेला नाही.

मग आपल्या घरांनी काय करावे? चर्चच्या विधिसंहितेच्या ११५१ व्या कलमाप्रमाणे एकत्र राहणे हा पतिपत्नींचा हक्क आहे आणि कर्तव्यही. योग्य कारण असेल तर मात्र त्यातून सूट आहे. देशसेवेची नेमणूक हे योग्य कारण नव्हे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते कारण दोघांनाही आधी मान्य असावे. येथेच आमच्याकडील रीत कमी पडते. स्थळ पाहताना आपण पगार विचारतो, सोने विचारतो, घराण्याची चौकशी तर आजोबांपर्यंत करतो. बदली कोठे होईल, पहिली दोन वर्षे कोण कोठे राहील, मूल झाले तर कोणाच्या घरी वाढेल, हे विचारणे मात्र अशुभ मानतो. लग्नापूर्वीच्या तयारीच्या वर्गात फादरांपुढे हे प्रश्न निघाले तर फारच बरे. ते दोन्ही व्याह्यांच्या समक्ष निघाले तर त्याहून बरे.

सासूबाईंविषयी दोन शब्द. ‘सून वर्षातून दोनदा येते आणि आली की फोनवर इंग्रजीत बोलत बसते,’ अशी कुरबूर कोणत्याही स्वयंपाकघरात ऐकू यावी. पण मुलगा पलटणीत असताना हीच माऊली, ‘माझ्या लेकाला रजा मिळत नाही,’ असे शेजारणीला अभिमानाने सांगत होती. रजेचा नियम दोघांनाही एकच आहे. मूल झाल्यावर अधिकारी स्त्रीला १८० दिवसांची बाळंतपणाची रजा मिळते आणि मुलाच्या संगोपनासाठी साऱ्या सेवेत मिळून ३६० दिवस. नोव्हेंबर २०२३ मध्ये हीच सवलत जवान म्हणून भरती झालेल्या स्त्रियांनाही लागू झाली. उरलेल्या दिवसांत मुलाला सांभाळावयाचे कोणी? ते काम आजीने, आजोबांनी आणि हो, बापाने. मुलाच्या बापाची नोकरी दुबईतच असली पाहिजे असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? तो एखादे वर्ष इकडे येऊ शकेल की नाही, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारीतच नाही. जुन्या करारातील नियमातही वर्षभर घरी राहावयास सांगितले होते ते पुरुषाला, याकडे वाचकांचे लक्ष गेले असेलच.

दूर राहणाऱ्या जोडप्याला व्यवहाराच्या काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. दोघेही सैन्यात असतील तर शक्य तोवर एकाच ठिकाणी नेमणूक द्यावी असा सैन्याचा प्रयत्न असतो, पण त्यासाठी अर्ज वेळेवर गेला पाहिजे. सीमेवरच्या नेमणुकीत कुटुंबाला नेता येत नाही. तेव्हा मागे राहिलेल्या कुटुंबासाठी ठरलेल्या छावण्यांत घरे मिळतात, त्यांचीही आधी चौकशी करावी. लग्नानंतर कागदोपत्री नोंद लवकर करावी, कारण पत्नीचे किंवा पतीचे नाव सैन्याच्या दप्तरी चढल्याखेरीज रुग्णालयापासून निवृत्तिवेतनापर्यंत काहीच पुढे सरकत नाही. परदेशी नागरिकाशी विवाह ठरत असेल तर आधी सरकारची परवानगी लागते, हे आईबापांनी विसरू नये. फोनवर रोज बोलणे होते म्हणून पत्र लिहिणे सोडू नये, असे आमचे जुनाट मत आहे. फोनवर खटल्याविषयी बोलता येत नाही आणि मग हवापाण्याखेरीज विषय उरत नाही. कागद पुढे घेतला म्हणजे मनातले दुसरे पुष्कळ सुचते.

आणि शेवटी लग्नाच्या तारखेविषयी. अधिकारी मुलीचा किंवा मुलाचा विवाह आपल्या देवळात व्हावयाचा असेल तर स्नानसंस्काराचा दाखला आणि अविवाहित असल्याचे पत्र ज्या ज्या धर्मग्रामात तो राहिला तेथून मागवावे लागते. छावण्या बदलत गेलेल्या माणसाच्या बाबतीत याला वेळ लागतो. फादरांकडे निदान चारपाच महिने आधी जावे. कोर्टमार्शलचा खटला लांबला तर मंजूर झालेली रजाही पुढे ढकलली जाते. म्हणून मंडपवाल्याला आणि बँडवाल्याला विसार देताना दुसरी एक तारीख बोलून ठेवावी. बेळगावचे बँडवाले कॅम्पातल्या लग्नांना सरावलेले आहेत. ते समजून घेतात.